कोऱ्या चिठ्ठ्यांची पुस्तकं

अब्बा, तुम्ही बांधलेली पुस्तकं रद्दीत निघाली आहेत आणि ती काढून टाका असं सांगणाऱ्या यादीवर माझी सही आहे. आडवळणानं सांगून उपयोग नाही, तुम्हाला आडवळण कधी चाललं नाही. राळेगावच्या पुढच्या गावातलं ते वाचनालय आठवत असेल. दर दिवाळीनंतर आर्णीहून पुस्तकं दाबायचा शिकंजा पोत्यात बांधून तुम्ही एसटीच्या टपावर चढवायचात आणि त्या वाचनालयाच्या ओट्यावर आठ-दहा दिवस मुक्काम ठोकायचात. वर्षभरात खिळखिळी झालेली पुस्तकं तिथंच उसवायची, शिवायची, शिकंज्यात दाबायची आणि नव्या पुठ्ठ्यात बसवून परत कपाटात लावायची. तेच वाचनालय. सोमवारी मी सही केली, आज गुरुवार आहे, शनिवारी रद्दीवाल्याची गाडी येणार आहे. एवढे दिवस मी काय करत होते, तर यवतमाळला माझ्या घरात बसून स्वतःला समजावत होते की जाऊ दे, जुनीच तर पुस्तकं आहेत.

मला तिथं बोलावलं होतं भाषणाला. मी आता मराठीची प्राध्यापक म्हणून निवृत्तीला आले आहे, त्यामुळे जिल्ह्यात कुठंही वाचनाचा कार्यक्रम असला की मला बोलावतात. विषय होता ‘पुन्हा पुन्हा वाचावीत अशी पुस्तकं’. फलक मोठा होता आणि त्यावर पुस्तकाचं एकच चित्र होतं, ते उघडं, आणि त्यातून कबुतर उडत होतं. अब्बा, तुम्ही असतात तर पहिल्या दहा मिनिटांत उठून बाहेर गेला असतात. पहिले बोलले ते गावचे पुढारी. ते म्हणाले, एक पुस्तक मी दरवर्षी वाचतो, त्यानं माझं जीवन घडवलं. नाव काही केल्या आठवेना. मग म्हणाले, निळ्या कव्हरचं आहे. टाळ्या पडल्या. दुसरे डॉक्टर होते. ते वाचनापेक्षा वाचनाच्या फायद्यांवर बोलले, आणि ऐकताना वाटत होतं की सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर दोन-दोन पानं घ्यायला सांगताहेत. तिसरे एका शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी मोबाइल काढला आणि कुठल्याशा ग्रुपवर आलेली यादी वाचून दाखवली, आयुष्यात किमान पाच वेळा वाचावीत अशी पंचवीस पुस्तकं. यादीत एक पुस्तक दोनदा आलं होतं. त्यांनी ते दोन्ही वेळा सारख्याच भक्तिभावानं वाचलं आणि दोन्ही वेळा, वा, म्हणून क्षणभर डोळे मिटले. सभागृहात एकाच्याही लक्षात आलं नाही. मी हसू दाबायला पदर तोंडाशी धरला तर शेजारच्या बाईंना वाटलं मला गहिवरून आलं.

माझा सत्कार पुष्पगुच्छ न देता पुस्तक देऊन झाला, आता सगळीकडे तशीच पद्धत आहे. चमकदार कागदात गुंडाळलेलं पुस्तक देतात, घेणारा ते न सोडता घरी नेतो आणि पुढच्या कार्यक्रमात दुसऱ्याला देतो. माझ्या कपाटात अशी बावीस-तेवीस आहेत. हे मी घरी येऊन सोडलं तर आत पहिल्या पानावर भलत्याच कुणाचं नाव आणि सेवानिवृत्तीच्या शुभेच्छा होत्या. म्हणजे निदान दोन हातांतून न उघडता आलेलं ते पुस्तक, आणि मला दिलं कशासाठी, तर पुन्हा पुन्हा वाचण्यावर बोलल्याबद्दल. सत्कार करणारे सचिव मला म्हणाले, “मॅडम, तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो! वाटतच नाही.” काय वाटत नाही ते मी विचारलं नाही. चाळीस वर्षं मी ते विचारलेलं नाही. माझी ओळख करून देणाऱ्यानं तर कमालच केली. माझ्याबद्दल त्याला काडीची माहिती नव्हती, तेव्हा त्यानं स्वतःच्या मनानं ठोकून दिलं की मॅडमना घरातूनच वाङ्मयाचा समृद्ध वारसा लाभला आहे, वडील मोठे विद्याव्यासंगी होते. मी खाली मान घालून बसले, विनयानं बसतात तशी.

आणि मी काय बोलले? मी पाच पुस्तकांवर बोलले. तीच पाच, जी मी वर्गात शिकवते. त्यातलं कुठलंही पुस्तक मी पहिल्या पानापासून अखेरच्या पानापर्यंत शेवटचं कधी वाचलं होतं हे मला मोजूनही सांगता येणार नाही. टिपणं आहेत, ती वाचते. टिपणं मात्र खरोखर पुन्हा पुन्हा वाचली आहेत. लोकांना भाषण आवडलं.

जेवणात मसालेभात आणि जिलबी होती. जेवण झाल्यावर सचिव म्हणाले, मॅडम आल्याच आहेत तर निर्लेखनाचं उरकून घेऊ. निर्लेखन म्हणजे जुनी, न वाचली जाणारी पुस्तकं दप्तरातून कमी करायची. त्याला जाणकाराची सही लागते, आणि जाणकार मी. स्पर्धा परीक्षांच्या पोरांसाठी त्यांना अभ्यासिका करायची आहे, एकेकट्यानं बसायचे लाकडी कप्पे असलेली, त्यासाठी मागची खोली रिकामी हवी. अभ्यासिकेला माझी ना नाही. पण पुस्तकं निवडायची पद्धत बघा. ग्रंथपाल म्हणून आता तिशीतला एक मुलगा आहे, चांगला आहे बिचारा. तो एकेक पुस्तक उचलायचा, मागचा पुठ्ठा उघडायचा आणि आत चिकटवलेली तारखांची चिठ्ठी बघायचा. चिठ्ठीवर शिक्के असले तर पुस्तक उजवीकडे. चिठ्ठी कोरी असली तर डावीकडे. “चिठ्ठी कोरी म्हंजे कोनी नेलंच नाही न मॅडम,” तो मला समजावून सांगत होता. देवघेवीच्या जुन्या वह्या संगणक आला तेव्हाच कुणीतरी विकून टाकल्या होत्या, त्यामुळे दुसरा पुरावा नाही. समितीचे तिघे खुर्च्यांवर बसून विड्याची पानं लावत होते. त्यांच्यापैकी एकानंही एकही पुस्तक उघडलं नाही. कपाटं झरझर रिकामी होत होती.

डाव्या ढिगातलं वरचं पुस्तक मी सहज हातात घेतलं. हिरव्या कापडाचा कणा, कोपऱ्यांना तपकिरी कापड. माझा अंगठा कोपऱ्यावर गेला आणि मला कळलं. तुम्ही डावखुरे होतात. कोपऱ्यावर कापडाची घडी सगळे बाइंडर ज्या बाजूनं आधी घालतात त्याच्या उलट बाजूनं तुम्ही घालायचात. मी दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. डाव्या ढिगात निम्म्याहून जास्त पुस्तकं तुमच्या हातची होती. उजवीकडे, वाचली गेलेली म्हणून ठेवलेल्या पुस्तकांत, तुमचं एखाद-दुसरंच होतं. आणि असं का झालं हे त्या खोलीत फक्त मला कळत होतं.

तुम्हाला समजलंच असेल. जे पुस्तक लोक सारखे नेतात तेच फाटतं. जे फाटतं तेच बांधायला येतं. बांधताना तुम्ही जुना पुठ्ठा काढायचात, त्याच्याबरोबर शिक्क्यांनी भरलेली जुनी चिठ्ठी जायची, आणि नव्या पुठ्ठ्याच्या आत नवी कोरी चिठ्ठी चिकटायची. तुमच्या शेवटच्या दिवाळीनंतर गावात टीव्ही घरोघर झाले, मग मोबाइल झाले, आणि त्या नव्या चिठ्ठ्यांवर शिक्का पडायचा राहिला. जी पुस्तकं कुणी कधीच नेली नाहीत ती फाटलीच नाहीत, त्यांची मूळची चिठ्ठी शाबूत आहे, आणि तिच्यावर कुण्या जुन्या ग्रंथपालानं तपासणीच्या वेळी मारलेले दोन-तीन शिक्के आहेत. तेवढ्यावर ती बचावली. म्हणजे जी पुस्तकं या गावानं पुन्हा पुन्हा वाचली नेमकी तीच डावीकडे आणि ज्यांना कुणी हुंगलं नाही ती उजवीकडे. अब्बा, रागावू नका, पण तुमच्यावरही माझा राग आहे. जुनी चिठ्ठी सोडवून नव्या पुठ्ठ्यावर चिकटवायला काय झालं असतं? कोपऱ्याच्या घडीसाठी अर्धा तास घालवणारा माणूस, एवढं सुचलं नाही?

त्या ओट्यावर मी एकदाच तुमच्याबरोबर होते. मी अकरा वर्षांची, दिवाळीची सुट्टी, अम्मीला बरं नव्हतं म्हणून तुम्ही मला घेऊन आलात. घरात आपण आपली हिंदी-उर्दू बोलायचो, पण मराठी पुस्तकांचं काम हातात घेतलंत की तुम्ही माझ्याशीही वऱ्हाडीच बोलायला लागायचात, हात आणि जीभ एकाच भाषेत चालले पाहिजेत म्हणून. मी समोर बसले आहे. तुम्ही दाभणानं भोकं पाडताहात, दोरा मेणावरून ओढताहात. एक पुस्तक तुम्ही कण्यावर उभं धरता आणि दोन्ही हात सोडता. पुस्तक आपोआप मधेच उघडतं. “पाह्य,” तुम्ही म्हणता, “ज्या पानावर उघडलं तिथं लोकायचा जीव हाये.” दोन भाऊ मिळून विहीर खणतात अशी ती कादंबरी होती. उघडलेल्या पानावर धाकटा भाऊ थोरल्याला खोटं सांगतो की खाली ओल लागली, कारण थोरला हातपाय गाळून बसलेला असतो. त्या पानाच्या खालच्या कोपऱ्याला इतकी बोटं लागली होती की कागद तेलकट पारदर्शक झाला होता. मला ते पान तुम्ही मोठ्यानं वाचायला लावलंत. तुम्ही मराठी बोट ठेवून सावकाश वाचायचात, म्हणून माझ्याकडून वाचून घ्यायचात.

त्या गावच्या दवाखान्यातल्या नर्सबाई रोज दुपारी ओट्याशी येऊन उभ्या राहायच्या. “चाचा, माही कादंबरी कवा सुटते तुमच्या शिकंज्यातून?” तुम्ही विचारलंत, कायले एवढी घाई, वाचेल नाही का? तर त्या म्हणाल्या, “वाचेल तं हाये सात-आठ डाव. पन वाचनालयात नसली का मले कसंतरीच होते. मागच्या डावी धाकट्याचा राग येत होता, या डावी थोरल्याचा येऊन राह्यला.” त्या गेल्यावर तुम्ही माझ्याकडे बघून नुसती मान हलवलीत, आणि मला वाटलं की जगात वाचणारी माणसं दोनच, एक त्या नर्सबाई आणि दुसरे तुम्ही. मला त्या दोघांसारखं व्हायचं होतं. हे मी इतक्या वर्षांत कुणाजवळ बोलले नाही.

मी तशी झाले नाही. बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मी आर्णीला आले होते. तुम्ही स्वयंपाकघरात चुलीपुढे उकिडवे बसून खळ शिजवत होतात. मैद्यात मोरचूद टाकायचात, कसर लागू नये म्हणून, आणि अम्मी दर वेळी ओरडायची की ते विष माझ्या भांड्यांजवळ नको, त्यासाठी तुमचं वेगळं काळं पातेलं होतं. मी दारात उभी राहून ऐटीत सांगितलं की या वर्षात मी चाळीस पुस्तकं वाचली. तुम्ही पळीनं खळ ढवळत राहिलात. गुठळी होऊ द्यायची नसते, हात थांबवता येत नाही. मग म्हणालात, “चाळीस? त्यातलं कोन्तं फाटलं?” मी म्हटलं, एकही नाही अब्बा, सगळी सांभाळून वाचली. तर तुम्ही म्हणालात, “मंग पाहून आली तू. वाचून नाही आली.” अम्मी म्हणाली, पोरीला काय बोलताय, जिल्ह्यात नंबर येईल तिचा. तुम्ही पातेलं खाली उतरवलंत. मी पुढे जिल्ह्यात पहिली आले आणि तुम्ही सगळ्या मोहल्ल्यात पेढे वाटलेत, पण ते वाक्य परत घेतलं नाहीत.

मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला माझंच पुस्तक बांधून दिलंत. शाळेत असताना मी ज्याची पानं सुटेपर्यंत पारायणं केली होती ते, नदीच्या काठाकाठानं पायी गेलेल्या एका मास्तरांचं प्रवासवर्णन. त्याच्या कण्याला तुम्ही अम्मीच्या जुन्या दुपट्ट्याचं जांभळं कापड लावलं होतं. मी ते यवतमाळच्या घरात काचेच्या कपाटात ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. तीन-चार वर्षांनी ईदला तुम्ही आलात, शिरखुर्मा झाला, आणि उठून तुम्ही काच सरकवली. पुस्तक कण्यावर उभं धरलंत आणि हात सोडलेत. ते उघडलंच नाही. ताठ उभं राहिलं आणि मग तसंच बंदचं बंद आडवं पडलं. तुम्ही ते उचलून जागेवर ठेवलंत, काच लावलीत आणि जावयाला विचारलंत की यंदा तूर कशी आहे. तुमच्या तोंडावर जे होतं ते मी ओळखते, कारण आता कार्यक्रमात बसले की माझ्याही तोंडावर तेच असतं. तुमचं तुच्छ लेखणं मी हुबेहूब घेतलं आहे. वाचणं तेवढं घेतलं नाही.

तर सोमवारी मी गप्प का बसले ते सांगते. एका वाक्याचं काम होतं. थांबा, ही पुस्तकं कोरी नाहीत, यांच्या चिठ्ठ्या बांधणीत बदलल्या आहेत. पण लगेच कुणीतरी विचारलं असतं की तुम्हाला काय माहीत, आणि मला सांगावं लागलं असतं की बांधणारा माझा बाप होता, याच तुमच्या ओट्यावर बसून तो खळ लावायचा, पाणी प्यायला तुम्ही त्याला वेगळा गिलास ठेवायचात. तासाभरापूर्वीच मला विद्याव्यासंगी वडील मिळाले होते, आणि मी ते नाकारले नव्हते. समितीतल्या एकानं पेन पुढे केलं. मी पुस्तक ढिगावर ठेवलं आणि सही केली. सहीखाली हुद्दा लिहिला, पदव्याही लिहिल्या.

मला माझी लाज वाटते. बाकी सगळ्यांची कीव येते, पण लाज माझीच वाटते. शनिवारी सकाळच्या गाडीनं जाणार आहे. त्यांना सांगणार आहे.

रविवार. वरचं सगळं गुरुवारी लिहून ठेवून दिलं होतं. हे पत्र जायचं कुठंच नाही, त्यामुळे उरलेलंही खरं-खरं लिहिते.

काल गेले. राळेगावला गाडी बदलायची होती, तिथं पाऊण तास बसले. बाकावर शेजारी दोन मास्तर होते आणि एक दुसऱ्याला सांगत होता की त्यानं पुस्तकांचे सारांश सांगणारं काहीतरी मोबाइलवर घेतलं आहे, पंधरा मिनिटांत एक पुस्तक होतं, गाडी येईपर्यंत तीन होतात. मी मनातल्या मनात माझं वाक्य पाठ करत होते. हे माझ्या वडिलांनी बांधलं आहे. हे माझ्या वडिलांनी बांधलं आहे. व्याख्यानाआधीसुद्धा मी एवढी घोकंपट्टी करत नाही.

ओट्यावर पोती भरून तयार होती. ग्रंथपाल एकटाच होता, तोंडाला रुमाल बांधून सुतळी गुंडाळत होता. मी म्हटलं, ही पुस्तकं थांबवा, चूक झाली आहे. तो गोंधळला. “मॅडम, पन यादीवर तं तुमचीच सही हाये.” मी म्हटलं, माझीच चूक झाली आहे, एक पोतं सोड. त्यानं सोडलं. हिरवा कणा असलेली ती विहिरीची कादंबरी वरच होती. मी त्याच्याकडे ब्लेड मागितलं आणि कण्याचं कापड शिवणीच्या कडेनं चिरलं. तुम्ही काही टाकून द्यायचा नाहीत, कागदाचा कपटासुद्धा. कण्याला आतून जाड अस्तर लागतं, आणि त्यासाठी तुम्ही त्याच पुस्तकाच्या जुन्या चिठ्ठ्या वापरायचात. गुरुवारी तुमच्यावर रागावले तेव्हा हे आठवलं नव्हतं, काल वाटेत आठवलं, पण इतक्या वर्षांनी खात्री नव्हती. कापड उचललं तर आत चिठ्ठ्या एकीवर एक खळीनं चिकटवलेल्या, जांभळ्या शिक्क्यांनी काठोकाठ भरलेल्या, मोरचुदामुळे कसरीनं शिवलेल्याही नाहीत. तो वाकून तारखा वाचायला लागला. आठ-आठ दिवसांनी एक शिक्का, मधे खंड नाही, वर्षच्या वर्षं. त्याच्या खाली आधीच्या बांधणीची चिठ्ठी. त्याच्या खाली आणखी एक.

“बापा!” तो म्हणाला. “हे तं लयच वाचेल हाये.”

मी दुसरं चिरलं, तिसरं चिरलं. चौथं त्यानं स्वतः चिरलं. एका चिठ्ठीवर तर जागा पुरली नव्हती म्हणून कुणीतरी शिक्के समासातही मारले होते. तो पोरगा जमिनीवर मांडी घालून बसला आणि एका चिठ्ठीवरचे शिक्के बोटानं मोजायला लागला, मग मोजायचं सोडून त्यानं ती कादंबरी उघडली आणि उभ्या-उभ्या दोन पानं वाचली, म्हणजे तो कधी उठला तेही मला कळलं नाही. त्यानं सचिवांना फोन लावला. सचिव आधी वैतागले, मग माझ्याशी बोलले, मग म्हणाले की मॅडम म्हणतात तर राहू द्या, यादी नवी करू, पण अभ्यासिकेचं काय. ग्रंथपालानं परस्परच सांगून टाकलं की उजवीकडची काढू, त्यांच्या कण्यात पाहतो काही निघते का. रद्दीवाला आला तेव्हा त्याला नुसतीच जुनी वर्तमानपत्रं देऊन परत पाठवलं. आम्ही दोघांनी पोती आत ओढली. माझ्या साडीला धूळ लागली, गुडघा दुखावला, आणि कितीतरी वर्षांनी मी पुस्तकांचं काहीतरी काम केल्यासारखं वाटलं.

मग त्यानं चहा आणला. आम्ही ओट्यावर बसलो होतो, तुम्ही बसायचात त्याच कडेला, खांबाला टेकून. समोर रस्त्यावर सोयाबीनचे ट्रॅक्टर जात होते. आजूबाजूला कुणी नव्हतं. ना पुढारी, ना डॉक्टर, ना समिती. त्या मुलाच्या नजरेत नुसतं कुतूहल होतं. ब्लेड कागदात गुंडाळत त्यानं विचारलं, “मॅडम, एक इचारू? चिठ्ठ्या कन्याच्या आतमंदी रायतेत, हे तुमाले कसं मालूम?”

राळेगावच्या बाकावर घोकलेलं वाक्य तोंडाशी होतं. अब्बा, फक्त ते म्हणायचं होतं. त्या पोराला वाईट वाटलं नसतं, उलट त्यानं तुमचं नाव विचारून कुठंतरी लिहून ठेवलं असतं, तो तसा आहे.

मी म्हणाले, “वाचलं होतं कुठंतरी.”

त्यानं मान हलवली. त्याला ते अगदी पटलं. “तुमचं वाचनच तेवढं हाये, मॅडम,” तो म्हणाला. मी नाही-नाही म्हणत हसले आणि चहा प्यायले. आणि अब्बा, ते ऐकून मला बरं वाटलं.